हिजरत

हिजरत म्हणजे मुहंमद पैगंबरांनी इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडून यस्रिब (पुढचे मदीना) येथे केलेले स्थलांतर. त्याला नुसते पलायन म्हटले, तर अर्धीच गोष्ट सांगून होते. कारण मूळ अरबी शब्दात पळण्यापेक्षा संबंध तोडण्याचा अर्थ अधिक आहे, आणि ज्या समाजात माणसाच्या जिवाची हमी त्याची टोळीच देत असे, त्या समाजात असे तोडणे गाव सोडण्याहून कितीतरी अवघड होते.

इ. स. ६१० च्या सुमारास पैगंबरांना ईश्वरी संदेश येऊ लागले. एकेश्वराच्या या शिकवणीमुळे काबा या मक्केतील देवस्थानाभोवतीची देवदेवस्की आणि तिच्यावर पोसलेली प्रतिष्ठा धोक्यात येते, असे कुरैश टोळीतील धनिकांना वाटले. पैगंबर स्वतः त्याच टोळीच्या बनू हाशिम कुळातले. चुलते अबू तालिब कुळप्रमुख म्हणून पाठीशी असेपर्यंत त्यांच्यावर हात टाकणे कठीण होते. ६१९ मध्ये अबू तालिब आणि पैगंबरांच्या पत्नी खदीजा दोघेही वारले, आणि ते छत्र गेले. यस्रिबमध्ये औस व खजरज या टोळ्या आपसांतील लढायांनी थकल्या होत्या. त्यांच्यापैकी काहींनी मक्केजवळ अकबा येथे पैगंबरांची भेट घेऊन प्रथम निष्ठेची आणि पुढच्या भेटीत संरक्षणाचीही शपथ घेतली. त्यानंतर अनुयायी लहान लहान गटांनी यस्रिबला जाऊ लागले.

परंपरेनुसार, प्रत्येक कुळातून एक तरुण निवडून सर्वांनी पैगंबरांवर एकदम वार करावेत, असा कट मक्केत शिजला. रक्ताचा दोष सगळ्यांवर वाटला गेला की बनू हाशिम कोणाकोणाचा सूड घेणार, हा त्यामागचा हिशेब. त्या रात्री चुलतभाऊ अली पैगंबरांच्या अंथरुणावर निजले आणि पैगंबर आपले निकटचे सहकारी अबू बक्र यांच्यासह निघाले, तेही उत्तरेकडील यस्रिबच्या दिशेने नव्हे, तर उलट दक्षिणेला असलेल्या सौर डोंगरातील गुहेकडे. गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणल्याची कथा लोकप्रिय आहे; कुराणात गुहेचा उल्लेख येतो, कोळ्याचा मात्र तेथे नाही. अबू बक्र यांची कन्या अस्मा यांनी शिदोरी बांधायला काही मिळेना म्हणून आपला कमरपट्टा फाडून दोन केला, त्यावरून त्यांना ‘दोन पट्ट्यांची’ असे नाव पडले. पुढे यस्रिबची वाट दाखवणारा वाटाड्या इस्लाम न स्वीकारलेला होता, ही गोष्ट सहसा सांगायची राहून जाते.

मदीनेत मक्केहून आलेल्या मुहाजिरांचे आणि त्यांना आसरा देणाऱ्या अन्सारांचे बंधुत्व जोडले गेले. टोळ्यांचे परस्परसंबंध ठरवणारा एक करारही झाला आणि त्यात तेथील यहुदी गटांचा समावेश होता.

हिजरी सन मात्र पैगंबरांच्या हयातीतला नव्हे. खलीफा उमर यांनी तो सुमारे १६ वर्षांनंतर सुरू केला. प्रारंभ प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवसापासून न धरता त्या वर्षाच्या मुहर्रम महिन्याच्या पहिल्या तिथीपासून धरला. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने त्याचे महिने ऋतूंतून सरकत राहतात आणि शेतसाऱ्याच्या हिशेबाला ते गैरसोयीचे पडते. दख्खनमध्ये चौदाव्या शतकात हिजरी आकड्यावरून सौर मानाचा सुहूर सन निघाला, तो याच अडचणीमुळे. मृगापासून सुरू होणारा हा सन मराठ्यांच्या दफ्तरांत अरबी अंकशब्दांनी लिहिला जाई. ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९१, आणि त्याच पत्रावर ‘छ’ या अक्षरानंतर हिजरी महिन्याची चांद्र तारीख असे.