गल्ला शंभर कोटींचा, निर्मात्याचे किती?

'4 कोटीत सिनेमा काढला, 100 कोटी आले, म्हणजे 96 कोटी खिशात!' 2016 मध्ये 'सैराट' गाजला तेव्हापासून गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या चहाटपरीवर हा हिशेब ऐकतोय. तो चूक आहे. 100 कोटी हा तिकीटखिडकीवरचा गल्ला. निर्मात्याची कमाई नव्हे.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री गावात नाटक लागतं. गावचं मंडळ नाटक कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं स्वतः विकतं. मंडप भरला म्हणून सगळी पेटी कंपनीच्या गाडीत जात नाही ना?

सिनेमात वाटेकरी आणखी जास्त. 236 रुपयांचं तिकीट घ्या. 36 रुपये जीएसटी. उरलेल्या 200 पैकी मल्टिप्लेक्स पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे ठेवतं. हिंदी सिनेमांसाठी 2009 मध्ये ठरलेल्या सूत्रात निर्माता-वितरकाचा वाटा 50 वरून दुसऱ्या आठवड्यात 42.5 आणि तिसऱ्यात 37.5 टक्क्यांवर येतो. म्हणजे तोंडोतोंडी नाव होऊन छोट्या सिनेमाला गर्दी जमते, तोवर त्याचा वाटाच घसरलेला. मला तर हीच खरी मेख वाटते.

राहिलेल्यातून वितरकाचं कमिशन, पोस्टरं, डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं. मोठा स्टुडिओ टीव्ही-ओटीटीचे हक्क बरेचदा आधीच विकून मोकळा होतो. छोट्याला गल्ला पाहूनच भाव मिळतो. आणि त्या '4 कोटीं'सारख्या आकड्यांत प्रसिद्धीचा खर्च धरलाय का, हे टपरीवर कुणीच विचारत नाही.