रॅम: आधी किती, मग किती वेगवान

नवा डेस्कटॉप जुळवायला घेतला की प्रोसेसर ठरतो, मदरबोर्ड ठरतो आणि रॅमपाशी गाडी अडते. बजेट ठरलेलं असतं. त्यात ३२ जीबीचा वेगवान संच घ्यायचा की थोडा संथ पण ६४ जीबीचा? २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपना प्रचंड मागणी आली, भाव चढले, आणि मायक्रॉन कंपनीने तर 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे इथे चुकीची निवड आता पूर्वीपेक्षा महाग पडते.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्या कामाला पुरेल एवढी रॅम आधी घ्यावी, वेगासाठी पैसे त्यानंतर मोजावेत. याचं कारण रॅमच्या घडणीतच आहे.

आज आपण वापरतो ती डीरॅम आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, बस्स. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत झिरपत असतो, म्हणून डीडीआर५ या सध्याच्या पिढीच्या रॅममध्ये अशा बिटांची प्रत्येक ओळ दर ३२ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावी लागते. वाचतानाही सोपं नसतं. आधी हजारो बिटांची पूर्ण ओळ उघडायची, त्यातला अत्यंत क्षीण भार संवेदक वर्धकांनी ओळखून मोठा करायचा आणि मग हवा तो स्तंभ उचलायचा. या क्रियेला लागणारा वेळ चिपची घड्याळगती वाढवून फारसा कमी होत नाही, कारण तो कपॅसिटर आणि लांबच लांब तारांच्या भौतिकीवर ठरतो.

हे आकड्यांत तपासून पाहता येतं. रॅमच्या खोक्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ६००० आणि सीएल३०. पहिला सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा पुढे जातो ते सांगतो, दुसरा स्तंभ मागितल्यावर पहिला डेटा यायला किती घड्याळठोके लागतात ते. सीएलला २००० ने गुणून पहिल्या आकड्याने भागलं की थांबण्याचा वेळ नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर५-६००० सीएल३० चा वेळ येतो १०. डीडीआर४-३२०० सीएल१६ चाही १०. आणि पहिल्या पिढीतल्या डीडीआर-४०० सीएल२ चा? तोही १०! मधल्या काळात एका मॉड्यूलची, म्हणजे रॅमच्या एका पट्टीची, वाहतूक क्षमता सेकंदाला ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेली, म्हणजे पंधरापट झाली. पहिल्या थेंबासाठीचं थांबणं मात्र जवळपास तिथेच आहे. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून भुलू नये. ६४०० सीएल४० चा वेळ १२.५ नॅनोसेकंद येतो, म्हणजे ६००० सीएल३० पेक्षा जास्त.

आता रॅम अपुरी पडली तर काय होतं ते पाहू. फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्या डीटीपी ऑपरेटरचा संगणक घ्या. दहा बाय सहा फुटांचा फलक, इंचाला १५० ठिपके. रुंदीला १८,००० आणि उंचीला १०,८००, म्हणजे १९ कोटी ४४ लाख ठिपके. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. पूर्ण भरलेला एकच थर पाऊण जीबीच्या घरात जातो. असे दहा थर, त्यात मागच्या कृती रद्द करता याव्यात म्हणून ठेवलेला इतिहास, शेजारी ब्राउझरमध्ये ग्राहकाचं व्हॉट्सअॅप आणि खाली विंडोज. १६ जीबी बघता बघता संपते.

संपल्यावर संगणक बंद पडत नाही. विंडोज आणि फोटोशॉप रॅममधला काही भाग एसएसडीवर हलवतात आणि लागेल तेव्हा परत आणतात. प्रोसेसरने मागितलेला डेटा रॅममधून यायला सगळी वाट धरून साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या) एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. हे १०० नॅनोसेकंद ताणून एक सेकंद केले, तर एसएसडीची एक फेरी जवळपास १७ मिनिटांची होते आणि जुन्या हार्ड डिस्कची एक दिवसाहून जास्त. वेगवान रॅममुळे या एका सेकंदातला दहावा-पाचवा हिस्सा वाचेल. रॅम पुरेशी असली तर १७ मिनिटांची फेरीच टळते.

संगणकाचा बहुतेक वेळ या ने-आणीतच जाऊ लागला की त्याला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणं मांडली: प्रोग्रॅमला एका वेळी लागणारी पानं, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, मेमरीत मावली नाहीत की कामाचा वेग हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो.

आपली गरज ओळखायला अंदाज बांधायची गरज नाही. नेहमीचं सगळ्यात जड काम उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी पाहा. 'कमिटेड'चा (सगळ्या प्रोग्रॅमनी मागून घेतलेल्या मेमरीचा) पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा सतत मोठा राहत असेल, तर रॅम वाढवायला हवी. 'कॅश्ड'च्या आकड्याने घाबरू नका. ती विंडोजने उपयोगाला लावलेली मोकळी रॅम असते, मागितली की लगेच सुटते. पण गरज ४० टक्क्यांतच भागत असेल तर आणखी रॅम घालून काहीच वेगवान होणार नाही. तिथे उरलेले पैसे वेगावर घालणं शहाणपणाचं.

वेगाचा खरा लाभ कुठे होतो? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात, कारण प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग याच रॅमवर जगतो आणि त्याला वाहतूक क्षमता हवीच असते. अशा ठिकाणी एकच मॉड्यूल घालणं म्हणजे अर्धा रस्ता बंद करणं, दोन घ्यायलाच हवीत. प्रोसेसर अडसर ठरणाऱ्या खेळांतही फरक दिसतो, पण टक्क्यांत. रायझन ७ ७८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) असल्याने तो रॅमकडे कमी वेळा धाव घेतो आणि हा फरक आणखी आटतो.

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधीच ठरवावी लागते, आणि तिची चर्चा फार कमी होते. मदरबोर्डवर बहुधा चार खाचा असतात, म्हणून 'आत्ता दोन घालू, पुढे आणखी दोन' असं आपण सहज म्हणतो. डीडीआर४ च्या काळात हे बऱ्यापैकी चालून जायचं. डीडीआर५ च्या वेगात एकाच वाहिनीवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका मार्गावर) दोन मॉड्यूल लटकली की विद्युत संकेत बिघडतात. एएमडीने रायझन ७००० साठी अधिकृत मर्यादा दिली आहे ती अशी: दोन मॉड्यूलना ५२००, चार मॉड्यूलना ३६००. म्हणजे रॅम वाढवताना वेग गमावला. तेव्हा ६४ जीबी लागणारच असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ च्या चार नकोत.

आणि बसवून झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेगाचा आकडाही पाहा. ६००० ची रॅम आणली तरी ती बहुधा ४८०० वरच सुरू होते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो किंवा इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची तयार सेटिंग चालू केली, की ज्या वेगाचे पैसे मोजले तो मिळतो.