पायाला चेंडू किती वेळा लागला?

फुटबॉल खेळणारं आठ-नऊ वर्षांचं मूल सरळ रेषेत फार कमी धावतं. चार पावलं पळतं, थबकतं, एका पायावर गर्रकन वळतं, मागे सरकतं, उडी मारतं आणि पुन्हा सुसाट सुटतं. बघणाऱ्या मोठ्यांना हा गोंधळ वाटतो. वाढत्या हाडांना मात्र अशीच धावपळ हवी असते.

हाड जिवंत असतं. त्याच्या आत खोलवर अस्थिपेशी असतात. हाडावर भार येऊन ते अगदी सूक्ष्म जरी वाकलं, तरी या पेशींना ते कळतं आणि त्यांच्या इशाऱ्यावरून ताण पडलेल्या जागी नवं हाड रचलं जातं. पडणाऱ्या भारानुसार हाडाची रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. पुढच्या संशोधनाने त्यात मोलाची भर घातली. एकाच लयीत, एकाच दिशेने येणारा भार हाडाच्या लवकरच अंगवळणी पडतो आणि मग त्याचा परिणाम कमी होत जातो. अचानक, जोरात, निरनिराळ्या दिशांनी येणारा भार मात्र हाडाला पुन्हा पुन्हा कामाला लावतो. पोहणं किंवा सायकल चालवणं हृदयासाठी उत्तमच, पण तिथे शरीराचं वजन पाण्याने किंवा सीटने पेललेलं असतं. त्यामुळे पाय आणि खुब्याच्या हाडांना फुटबॉलमधून जे मिळतं, ते त्यातून मिळत नाही.

यात वय फार महत्त्वाचं आहे. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२व्या आणि मुलग्यांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास येतो. प्रौढपणी हाडांत जेवढी खनिजं असतात, त्यांतला सुमारे पाव हिस्सा या टप्प्याच्या आगेमागेच्या दोन वर्षांत जमा होतो. तिशीनंतर ही साठवण वाढवणं जवळपास अशक्य असतं आणि उतारवयात हाडं टिकतात ती याच साठ्यावर. त्यामुळे अभ्यास वाढला म्हणून नेमक्या याच वयात मुलांचं, आणि त्यातही मुलींचं, मैदान बंद केलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. परीक्षा पुन्हा देता येते, ही दोन वर्षं परत येत नाहीत.

डेन्मार्कमध्ये आठ ते दहा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४० मिनिटं, छोट्या संघांत फुटबॉलसारखे चेंडूचे खेळ, असा कार्यक्रम सुमारे १० महिने चालला. नेहमीचाच शारीरिक शिक्षणाचा तास मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या पायांच्या हाडांत जास्त खनिजं भरली. महागडी साधनं नव्हती, निवडक खेळाडूही नव्हते; वर्गातली सगळी मुलं होती.

हृदय आणि फुफ्फुसांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायामही त्यात असावा. जगातली ११ ते १७ वयाची ८० टक्क्यांहून अधिक मुलं एवढंही करत नाहीत. फुटबॉलमध्ये दोन्ही गरजा एकाच वेळी भागतात. शिवाय वयात न आलेल्या मुलांचं शरीर छोट्या जोरदार धावेनंतर मोठ्यांपेक्षा लवकर सावरतं. पळा, दम घ्या, पुन्हा पळा, ही त्यांची स्वाभाविक लय आहे. म्हणून चेंडू बाजूला ठेवून लहान मुलांना मैदानाच्या चकरा मारायला लावणारा सराव मला पटत नाही. खेळातूनच जो दम वाढतो, त्यासाठी खेळच का थांबवायचा?

चेंडू पायाशी आहे आणि डोळ्यांना मैदान बघायचं आहे, हा फुटबॉलमधला सर्वांत अवघड पेच. हाताने खेळायच्या खेळात नजर आणि चेंडू जवळजवळ असतात. इथे पाय कुठे आहे, चेंडू कुठे आहे, हे न बघता कळावं लागतं. स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूकडे सतत जाणाऱ्या संदेशांवर ही जाण उभी राहते आणि ती सरावानेच पक्की होते. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासल्या. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूला जास्त वेळा बघणाऱ्या खेळाडूंचे पास जास्त वेळा अचूक जातात, असं त्यात दिसलं. मुलांना हे शिकवता येतं, पण त्याआधी चेंडूची भीती जावी लागते. सुरुवातीला मूल चेंडूला चिकटून असतं, मान खाली. काही महिन्यांनी मान वर येते आणि त्याला मोकळा साथीदार दिसू लागतो. या घडीला मूल खऱ्या अर्थाने संघात खेळायला लागतं, असं मी मानतो.

फुटबॉलने बुद्धी वाढते, असंही सांगितलं जातं. इथे सावध राहायला हवं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात वरच्या दर्जाच्या फुटबॉलपटूंची क्षणात बेत बदलण्याची आणि स्वतःला आवरण्याची क्षमता सर्वसाधारण लोकांपेक्षा सरस आढळली. पण ती खेळाने आली, की मुळात असल्यामुळे ते इतके पुढे गेले, हे अशा तुलनेतून ठरत नाही. स्वभावाबद्दलही तसंच आहे. संघात नाव घातलं म्हणून मूल आपोआप समंजस होत नाही. चुकीचा पास देणाऱ्याला प्रशिक्षक काय म्हणतात, हरल्यावर मोठी माणसं कशी वागतात, यावर बरंच काही ठरतं. चांगल्या वातावरणात मात्र मुलाला दर काही सेकंदांनी चुकण्याची आणि लगेच भरून काढण्याची संधी मिळते. चेंडू गेला, रडत बसायला वेळ नाही, मागे पळायचं आहे. इतक्या कमी जोखमीत अपयश पचवण्याचा एवढा सराव मुलांना दुसरीकडे क्वचितच मिळतो.

अमेरिकेत संशोधक अमांडा व्हिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनाच विचारलं, की तुम्हाला मजा कशामुळे येते? उत्तरांतून ८१ गोष्टींची यादी तयार झाली. जीव तोडून खेळणं, संघातलं आपलेपण आणि प्रशिक्षकाची चांगली वागणूक वरच्या क्रमांकांवर होती. जिंकणं ४८वं होतं.

आता थोडं गणित. मोठ्यांच्या ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. ती २२ जणांत सारखी वाटली, तर एकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. चार विरुद्ध चार खेळलं, तर तेवढा वाटा वीस-पंचवीस मिनिटांच्या खेळातच मिळतो. वर सांगितलेले फायदे मुलाला मिळतात ते धावताना, वळताना, चेंडू अडवताना, निर्णय घेताना. राखीव बाकावर बसलेल्या किंवा मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला त्यातलं फारसं काही मिळत नाही. लहान वयात छोटं मैदान, छोटा संघ आणि वयाला साजेसा हलका चेंडू हवा, तो यासाठी.

धोकेही आहेत. वाढत्या हाडांच्या टोकांना कूर्चेचे मऊ भाग असतात. स्नायू तिथे सतत खेचत राहिले, की गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेमागे दुखू लागतं. तेव्हा ‘सहन कर’ म्हणू नये, सराव कमी करावा. डोक्याने चेंडू मारण्याबाबत अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१५ मध्ये बंदी जाहीर झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, न लागता पडणं अशा व्यायामांचा ‘११ प्लस किड्स’ हा वॉर्म-अप चार युरोपीय देशांतल्या ७ ते १३ वयाच्या खेळाडूंवर तपासला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

आणखी एक अन्याय नकळत होतो. वयोगट तारखेने ठरतो, त्यामुळे एकाच गटात जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं येतात. वयात येण्याचा वेग धरला, तर शरीरांतला फरक याहूनही मोठा असतो. थोराड मुलं निवडली जातात, चेंडू त्यांच्याकडेच जातो, आणि मागे राहिलेली हळूहळू खेळ सोडतात. अनेक देशांच्या अकादम्यांत वयोगटाच्या तारखेनंतर लगेच जन्मलेल्या मुलांचीच गर्दी दिसते, ती यामुळे. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधल्या काही अकादम्यांनी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवले. उशिरा वाढणाऱ्या मुलांनी सांगितलं, की त्यांना कौशल्य दाखवायला आणि पुढाकार घ्यायला जास्त वाव मिळाला. लवकर वाढलेल्यांना सामने जास्त कठीण गेले, कारण समोरचेही तेवढेच दांडगे होते, आणि अंगाच्या जोरावर पुढे घुसता येईना, म्हणून त्यांना पास द्यावे लागले.