कपाशीवरील किडी आणि त्यांचे नैसर्गिक शत्रू (नाशिक जिल्हा)

नाशिक म्हटले की द्राक्ष आणि कांदा आठवतो. कपाशी ही जिल्ह्याच्या पूर्वेकडची, मुख्यतः मालेगाव, नांदगाव, येवला या तालुक्यांतली. जूनच्या पावसावर सरकी लावायची, दिवाळीच्या आगेमागे वेचणी. दरम्यान पिकावर आधी रस शोषणाऱ्या किडी येतात, मग बोंडे पोखरणाऱ्या अळ्या.

रस शोषणाऱ्यांत मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी प्रमुख. तुडतुडा पानावर तिरका चालतो, एवढ्यावरून ओळखू येतो. तो वाढला की पानांच्या कडा पिवळ्या, मग तांबूस होतात. कपाशीवरचे फुलकिडे म्हणजे कांद्यावरचेच थ्रिप्स, त्यामुळे शेजारी कांदा असला की कपाशीकडे जास्त लक्ष ठेवावे लागते. मावा आणि पांढरी माशी गोड चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते.

यांना खाणारे शेतातच असतात. ढालकिडा सगळ्यांना ठाऊक, पण त्याची अळी सुसरीच्या पिल्लासारखी, काळी, नारिंगी ठिपक्यांची. ती मावा फस्त करत असते आणि नेमकी तिलाच कीड समजून औषध मारले जाते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाची अंडी केसासारख्या देठावर एकेक उभी असतात. माव्याच्या घोळक्यात एखादा फुगलेला, तपकिरी, पाठीला गोल भोक पडलेला दिसला, तर परोपजीवी गांधीलमाशी आतून बाहेर पडून गेली असे समजावे. सिरफिड माशीच्या अळ्या आणि कोळीही याच कामातले. बांधाकडेने चवळी लावली की तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे आधीच वाढतात.

बोंडअळ्या तीन: हिरवी (अमेरिकन), ठिपक्यांची आणि गुलाबी. 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचे जनुक घालून बोंडअळीला विषारी केलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि पहिल्या दोघींचा जोर ओसरला. गुलाबी बोंडअळी मात्र या वाणांना पचवून बसली; 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीचे तिने मोठे नुकसान केले. तिचे शास्त्रीय वर्णन 1843 सालचे, तेही भडोचच्या कपाशीवरून. म्हणजे ही पाहुणी नव्हे, घरचीच.

तिची पहिली खूण म्हणजे डोमकळी. पाकळ्या आतून धाग्याने बांधल्यामुळे फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. उकलून पाहावे, आत अळी सापडते. पुढच्या पिढ्या कोवळ्या बोंडात शिरतात आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. बोंड वरून निरोगी दिसते, आत सरकी पोखरलेली आणि कापूस कवडी झालेला. तिथवर फवारा पोचत नाही आणि बहुतेक मित्रकीटकही नाहीत.

म्हणून तिच्याविरुद्ध मित्रकीटकाची खरी संधी अंड्याच्या अवस्थेत. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग ते अंडे काळे पडते आणि त्यातून पतंगाच्या अळीऐवजी हीच बाहेर येते. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर तिला वाढवून ट्रायकोकार्ड तयार करतात. कार्डाच्या पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. त्यानंतर लगेच कडक औषध मारले तर कार्डाचे पैसे मातीत. वेळ ठरवायला कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात. सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले की उपाय करायची वेळ झाली असे धरतात. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातली औषधे मारण्याची घाई महागात पडते: मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखणे, हे या भागातले दुखणे. पाणी असले की डिसेंबरनंतरही पीक ठेवायचा मोह होतो आणि गुलाबी अळीला हंगामाबाहेरही बोंडे मिळत राहतात. ती सुप्तावस्थेत सरकीतही राहते, दोन बिया एकमेकींना चिकटवून. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) आवारात सापळे लावतात ते यासाठीच. शेवटच्या वेचणीनंतर रानात शेळ्या-मेंढ्या सोडल्या की उरलेली बोंडे त्या खाऊन टाकतात. पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) गंजी मात्र चुलीसाठी बांधावर तशीच राहते आणि तिच्यावरच्या किडक्या बोंडांतून पुढच्या हंगामाचे पतंग निघतात.