ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक : उगम आणि सभासदत्व

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर उत्तरेच्या सैन्यातील लाखो शिपाई अल्पावधीत घरी परतले. जखमी, अपंग आणि बेरोजगार सैनिकांची, तसेच मृतांच्या विधवा व मुलांची सोय पाहणारी सरकारी व्यवस्था तोकडी होती. अशा वेळी इलिनॉय राज्यातील चौदाव्या पायदळ पलटणीचे शल्यचिकित्सक राहिलेले बेंजामिन स्टीफन्सन यांनी ६ एप्रिल १८६६ रोजी डेकेटर गावी ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या माजी सैनिकांच्या संघटनेची पहिली शाखा काढली. बंधुभाव, परोपकार आणि निष्ठा ही तिची त्रिसूत्री होती. मात्र माजी सैनिकांची मते रिपब्लिकन पक्षामागे एकवटण्याचा हेतूही आरंभापासून होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सभासदत्वाची अट काटेकोर होती. १२ एप्रिल १८६१ ते ९ एप्रिल १८६५ या काळात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, लष्करात, नौदलात किंवा मरीन दलात सेवा करून सन्मानपूर्वक मुक्त झालेल्यालाच प्रवेश मिळे आणि संघराज्याविरुद्ध शस्त्र धरलेल्याला दार बंद असे. अर्ज आला की शाखेचे सभासद पांढऱ्या व काळ्या गोट्या टाकून गुप्त मतदान करीत. कृष्णवर्णीय सैनिकांना नियमाने मज्जाव नव्हता, तरी दक्षिणेत त्यांच्या शाखा बहुधा वेगळ्याच राहिल्या.

वाढ सरळ रेषेत झाली नाही. १८६९ मध्ये सभासदांच्या तीन श्रेणी पाडण्यात आल्या. खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना ही उतरंड रुचली नाही, पुष्कळ जण गळाले आणि १८७१ मध्ये श्रेणी रद्द कराव्या लागल्या. त्याआधी, १८६८ मध्ये, संघटनेचे प्रमुख (सरसेनापती) जॉन लोगन यांनी ३० मे रोजी सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा आदेश काढला होता. आजच्या मेमोरियल डेच्या, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, राष्ट्रव्यापी प्रथेमागे मुख्यतः तोच आदेश आहे. संघटनेचे खरे बळ मात्र निवृत्तिवेतनाच्या मागणीमुळे वाढले. १८८७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी अपंग सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे विधेयक नाकारले, तेव्हा संघटनेने रान उठवले. १८९० मध्ये तसा कायदा झाला आणि त्याच वर्षी सभासदसंख्या चार लाखांच्या पुढे गेली.

सेवाकाळाच्या अटीमुळे नवी पिढी आत येणे अशक्य होते. सैनिकपुत्रांसाठी १८८१ मध्ये वेगळी संस्था निघाली. शेवटचे अधिवेशन १९४९ मध्ये इंडियानापोलिस येथे भरले, अखेरचे सभासद अल्बर्ट वुल्सन १९५६ मध्ये वारले आणि संघटना विसर्जित झाली. तिचा कायदेशीर वारसा पुत्रांच्या संस्थेकडे गेला.