जपानी समानार्थी शब्दांची निवड (इंग्रजीवरून भाषांतर करताना)

इंग्रजीतल्या एका शब्दासमोर जपानीत जवळपासच्या अर्थाचे चार-पाच शब्द उभे राहतात. त्यांतला प्रसंगाला लागू पडणारा शब्द ठरवणे हे भाषांतरकाराचे रोजचे आणि सर्वांत कसाचे काम आहे.

जपानी शब्दसंग्रहाचे मुख्य थर तीन : अस्सल जपानी ‘वागो’, चिनी मुळाचा ‘कांगो’ आणि मुख्यतः पाश्चात्त्य भाषांतून आलेला ‘गाइराइगो’. मुक्कामाच्या जागेला या थरांप्रमाणे ‘यादोया’, ‘र्योकान’ आणि ‘होतेरु’ म्हणतात. शब्द बदलला की इथे खोलीही बदलते. र्योकानमध्ये सहसा तातामी चटईवर अंथरूण घालतात, होतेरुत पलंग असतो.

‘राइस’ हे उदाहरण तर मराठी वाचकाला घरचेच वाटेल. शेतात उभे असते ते ‘इने’, पोत्यात ‘कोमे’, वाडग्यात ‘गोहान’ आणि पाश्चात्त्य धाटणीच्या खाणावळीत बशीत वाढला की तोच ‘राइसु’. भाताचे पीक, डब्यातले तांदूळ आणि पानातला भात हा भेद आपणही कोणी न शिकवता पाळतो. ‘गोहान’चा अर्थ जेवण असाही होतो, त्यामुळे ‘आसागोहान’ म्हणजे सकाळची न्याहारी, मग त्यात नुसता पाव का असेना.

कधी शब्दच तयार नसतो. मेइजी काळात (1868–1912) ‘सोसायटी’ या कल्पनेला नेमका जपानी शब्द नव्हता. त्या काळचे विचारवंत आणि भाषांतरकार फुकुझावा युकिची यांनी ‘निंगेन कोसाइ’, म्हणजे माणसामाणसांतला व्यवहार, असा शब्द वापरला. पुढे ‘शाकाइ’ रूढ झाला. फुकुझावांच्या शब्दात माणसे दिसत होती. तो मागे पडला याची हळहळ वाटते.

द्विभाषिक कोश पर्याय देतो, निवड करून देत नाही. त्यासाठी शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी येतो ते पाहावे लागते. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा सुमारे 10 कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह 2011पासून या कामी येतो.

मराठीतून जपानीत जाताना इंग्रजीची मध्यस्थी मात्र अनेकदा नडते. ‘थंडी वाजते’ आणि ‘हात गार पडलेत’ ही दोन्ही वाक्ये ‘कोल्ड’मध्ये एकत्र होतात. जपानीत हवेची थंडी ‘सामुइ’ आणि स्पर्शाचा गारवा ‘त्सुमेताइ’. मराठीने जपलेला भेद वाटेत हरवतो आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा शोधावा लागतो.