जिच की परपेच्युअल?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेत एका मुलीकडे राजा आणि वजीर होता, समोरच्या मुलाकडे नुसता राजा, तोही एच८च्या कोपऱ्यात. तिने झोकात वजीर जी६वर ठेवला आणि म्हणाली, "संपला!" डाव संपला खरा, पण बरोबरीत. तिचे बाबा पंचांशी भांडायला उठले: "अहो, राजा कोंडला म्हणजे जिंकलीच की ती!"

राजा कोंडला होता, पण त्याला शह नव्हता. शह नाही आणि ज्याची पाळी आहे त्याच्या एकाही मोहऱ्याला नियमात बसणारी खेळी नाही, ही जिच. त्या मुलाचं एखादं प्यादं जरी पुढे सरकू शकलं असतं, तरी जिच झाली नसती.

परपेच्युअल म्हणजे न थांबता शह देत राहून मिळवलेली बरोबरी. त्यात सगळं शहावरच चालतं. समजा, पांढरा राजा जी१वर आहे, शेजारी एफ१वर त्याचाच हत्ती, एफ२ आणि एच२वर प्यादी, आणि जी स्तंभातलं प्यादं केव्हाच गेलंय. काळा वजीर जी४वरून शह देतो, राजा एच१ला जातो. वजीर एफ३ला, पुन्हा शह. राजा परत जी१ला. मधे घालायला काही नसेल तर पांढऱ्याकडे दोन मोहरी जास्त असूनही उपयोग नाही, कारण ती हलवायला उसंतच मिळत नाही.

नियमपुस्तकात मात्र परपेच्युअल नावाचा वेगळा नियम आज नाही. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा आली की पंचांकडे बरोबरी मागायची. मागितली नाही तर डाव चालू राहतो. पाचव्यांदा आली की पंच स्वतःच थांबवतात. जिच झाल्यावर मागायचं काहीच उरत नाही, डाव त्या क्षणी संपतो.

माझ्या मते जिच बहुतेकदा जिंकणाऱ्याच्या गाफीलपणातून मिळते, परपेच्युअल हरणाऱ्याला शोधावं लागतं. (वाटाघाटी महिनाभर रखडल्या की वर्तमानपत्रं 'जिच कायम' असं छापतात. रोज त्याच मागण्या, तीच उत्तरं. हे तर परपेच्युअल झालं!)

चिनी बुद्धिबळाने दोन्ही पळवाटा बुजवल्या आहेत. तिथे खेळी न उरलेला हरतो, आणि सतत शह देत राहणाऱ्यालाच खेळी बदलावी लागते, नाहीतर तोही हरतो.

आपल्या बुद्धिबळात दोन्ही एकाच डावात बघायची असतील, तर १९६३-६४ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा. लॅरी एव्हान्स सॅम्युएल रेशेव्हस्कीविरुद्ध हरत आला होता. त्याने आधी वजीर फुकट दिला, मग हत्ती थेट राजाला भिडवून शह दिला. हत्ती सोडून एव्हान्सचं दुसरं काहीच हलू शकत नव्हतं. म्हणजे हत्ती मारला तर जिच, आणि सोडला तर तो शह देत राजाच्या मागे लागणार. रेशेव्हस्कीला अर्ध्या गुणावर उठावं लागलं.